सहा रविवार, आवाज आणि नाट्य : भाषाशिक्षकांच्या एका कार्यशाळेविषयी

पुण्यातील एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी गेली अठरा वर्षे मराठी शिकवते आणि त्यांपैकी निदान पंधरा वर्षे जानेवारीत माझा आवाज बसलेला असतो. स्नेहसंमेलनाच्या तालमी, क्रीडादिनाच्या सूचना आणि नेहमीचे सहा तास हे सगळे एकाच घशावर येते आणि मग पुढचा पंधरवडा मी फळ्यावर लिहून वेळ निभावते. त्यामुळे भाषाशिक्षकांसाठी आवाज आणि नाट्यतंत्रे यांची सहा रविवारांची कार्यशाळा जून-जुलैत सदाशिव पेठेत होणार असल्याचे कळले, तेव्हा नाट्यापेक्षा आवाज या शब्दाकडे पाहूनच मी नाव नोंदवले. शुल्क ४,८०० रुपये होते, वेळ सकाळी ९ ते दुपारी १ अशी होती आणि मध्ये चहा-पोहे होते. आयोजक संस्थेचे नाव येथे देत नाही. ज्या तक्रारी आहेत त्या मी त्यांना लेखी कळवल्या आहेत, आणि असा वर्ग लावण्याच्या विचारात असलेल्या शिक्षकांना नावापेक्षा पद्धतीची माहिती अधिक उपयोगी पडेल.

आम्ही बावीस जण होतो. मराठी, हिंदी आणि इंग्रजी शिकवणारे शालेय शिक्षक बहुसंख्य होते. त्यांच्या जोडीला जर्मन शिकवणाऱ्या दोघी, जपानीचे एक सर आणि निवृत्तीनंतरही घरी संस्कृतचे वर्ग घेणाऱ्या एक ज्येष्ठ बाई होत्या. रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्समुल्लर भवन या परकीय भाषा शिकवणाऱ्या संस्था ज्या गावात आहेत तेथे अशी सरमिसळ होणे स्वाभाविकच आहे, आणि तीच या कार्यशाळेची मोठी जमेची बाजू ठरली. मराठीच्या शिक्षकाला स्वतःच्या भाषेतील काही गोष्टी इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की त्या शिकवायच्या असतात हेच त्याच्या ध्यानात येत नाही. जर्मनच्या बाईंनी भाबडेपणाने एखादा प्रश्न विचारला की मात्र सगळ्यांना थांबून विचार करावा लागे. जागेविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. पहिल्या मजल्यावरचे सभागृह, शहाबादी फरशी आणि तीन पंखे, ज्यांपैकी एक सतत कुरकुरत असे. आवाजाच्या वर्गात तो बंद ठेवावा लागे आणि श्वसनाचे व्यायाम आम्ही घाम पुसत करीत असू.

पहिले दोन रविवार आवाजाचे होते. ते घेणाऱ्या ताई वाचा-उपचारतज्ज्ञ होत्या आणि काही वर्षे रंगभूमीवरही काम केलेल्या होत्या. त्यांनी सुरुवातीला कोणालाही बोलू दिले नाही. सर्वांना सतरंजीवर उताणे झोपवून प्रत्येकाच्या पोटावर एकेक जाड पुस्तक ठेवले आणि श्वास आत घेताना पुस्तक वर गेले पाहिजे, खांदे हलता कामा नयेत, एवढीच सूचना दिली. माझ्या पोटावर एक जुना शब्दकोश आला होता. पहिली पाच मिनिटे तो जागचा हलला नाही. खांदे मात्र कानांपर्यंत जाऊन येत होते. ताई शेजारी बसून म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही श्वास गळ्यापाशीच घेऊन परत करताय. तो खाली जाऊ द्या.” श्वासपटल खाली सरकले की पोट पुढे येते आणि फुप्फुसांच्या तळापर्यंत हवा भरते, हे मी शाळेत असताना आकृतीसह लिहिले होते, पण त्या आकृतीचा माझ्या तासाशी काही संबंध आहे असे मला चाळिशी उलटेपर्यंत कोणी सांगितले नव्हते. बी.एड.च्या पाठनिरीक्षणाच्या तक्त्यात ‘आवाजातील चढउतार’ असा एक रकाना होता खरा. त्यात निरीक्षक बरोबरची खूण करीत आणि पुढच्या रकान्याकडे वळत.

यानंतर ताईंनी जो हिशेब मांडला तो मी अजून विसरलेले नाही. बोलताना स्त्रीचे स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर आपटतात. पुरुषांच्या बाबतीत हा आकडा शंभर ते सव्वाशेच्या घरात असतो. पस्तीस मिनिटांच्या एका तासात शिक्षिकेचा प्रत्यक्ष आवाज दहा मिनिटे जरी चालू असला, तरी १,२०,००० टाळ्या होतात आणि सहा तासांच्या दिवशी ही संख्या सात लाखांच्या वर जाते. हाताने सलग पाचशे टाळ्या वाजवून पाहिल्या, तर तळव्यांचे काय होते हे कळते, आणि घसा आवळून बोलणारा माणूस याच टाळ्या मुठी वळून वाजवत असतो. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवण्यासाठी घशावर जोर द्यावा लागत नाही. श्वासाचा आधार, मोकळा जबडा आणि घसा, तोंड व नाक यांतील अनुनाद हे काम करतात.

व्यायाम अगदी साधे होते. लहान मुले गाडी-गाडी खेळताना ओठ फुरफुरवून जो आवाज काढतात तो काढत खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत जायचे आणि परत यायचे. तोंड मिटून ‘म’ घोळवत ठेवायचा आणि ओठांना गुदगुल्या होतात का ते पाहायचे. पेल्यातील दोन बोटे खोल पाण्यात नळी बुडवून ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढायचे. नळीच्या व्यायामामागचे कारणही त्यांनी समजावले. हवेला बाहेर पडायला अरुंद वाट मिळाली की तोंडात थोडा दाब तयार होतो, तो दाब वरून स्वरतंतूंना आधार देतो आणि त्यांची आपट कमी होते. शिवाय काही समजुतींना त्यांनी धक्का दिला. घसा बसल्यावर कुजबुजत बोलणे म्हणजे विश्रांती नव्हे, अनेकदा त्यात स्वरयंत्रावर अधिक ताण येतो. पुन्हापुन्हा घसा खाकरल्याने तो साफ होण्याऐवजी सुजतो. आणि ज्येष्ठमध किंवा खडीसाखर चघळल्याने घशाला बरे वाटत असले, तरी त्यांतील थेंबही स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही, कारण जे गिळले जाते ते अन्ननलिकेत जाते आणि स्वरयंत्र श्वासनलिकेच्या तोंडाशी असते. पाणी प्यायचे ते शरीरातून फिरून तिथवर ओलावा पोचावा म्हणून, आणि म्हणूनच ते तासाच्या आधी पुरेसा वेळ ठेवून प्यायचे.

गेले पाच महिने मी शाळेत निघण्यापूर्वी सात मिनिटे हे व्यायाम करते. जानेवारी अजून यायचा आहे, म्हणून निकाल राखून ठेवते. परंतु गणेशोत्सव आणि सहामाहीच्या तोंडी परीक्षा हे दोन घाट या वर्षी आवाज शाबूत ठेवून उतरले. बुडबुड्यांचा व्यायाम पाहून घरच्यांना अजूनही हसू येते, हा एक तोटा नोंदवून ठेवते.

दुसऱ्या रविवारचा उत्तरार्ध उच्चार आणि स्वराघाताला दिलेला होता आणि माझ्या मते सहा रविवारांतील सर्वांत कसदार दीड तास तोच. ताईंनी नाट्यशास्त्रातील काकूचा आधार घेतला. भरताने वाचिक अभिनयात आवाजाची उर, कंठ आणि शिर अशी तीन स्थाने सांगितली आहेत आणि वाक्य म्हणण्याची ढब, म्हणजे काकू, साकांक्ष आणि निराकांक्ष अशी दोन प्रकारची मानली आहे. ज्या वाक्याचा अर्थ अजून पुरा व्हायचा आहे ते एका ढंगाने म्हटले जाते आणि ज्याचा अर्थ पुरा झाला आहे ते दुसऱ्या. ‘तू जेवलीस’ हे वाक्य शेवटी स्वर खाली आणून म्हटले की माहिती होते आणि वर नेऊन म्हटले की प्रश्न होतो. मराठीत ‘का’ न लावता विचारलेले असे असंख्य प्रश्न रोज घरोघरी असतात, पण पाठ्यपुस्तकात प्रश्नार्थक वाक्य म्हणजे प्रश्नार्थक शब्द असलेले वाक्य एवढेच शिकवले जाते.

मग आम्हाला गोल बसवून प्रत्येकाने फक्त ‘बरं’ हा शब्द उच्चारायचा, पण आधीच्या कोणाचा अर्थ पुन्हा आणायचा नाही, असा खेळ दिला. पहिल्या सात-आठ जणांपर्यंत संमती, नाराजी, धमकी, सुटकेचा निःश्वास असे ठरलेले अर्थ संपले. त्यानंतर मौज सुरू झाली. एका सरांनी फोन ठेवू पाहणाऱ्या माणसाचे ‘बरं’ म्हटले, ज्याच्या शेवटी दार लावल्यासारखा स्वर मिटतो. आमच्या संस्कृतच्या बाईंनी सुनेने न विचारता केलेल्या खरेदीचे ‘बरं’ म्हटले आणि सभागृहात अर्धा मिनिट कोणी काही बोलले नाही. जपानीच्या सरांनी सांगितले की त्यांच्या वर्गात ‘सो देस् का’ या शब्दांचे असेच होते. शेवट खाली आला की ‘असं होय’ आणि वर गेला की ‘खरंच का’. यावर जर्मनच्या एका बाईंनी विचारले की परप्रांतातून आलेल्या प्रौढ विद्यार्थ्याला यांतील किती ‘बरं’ शिकवायचे. शब्दकोशात तर त्याचा अर्थ ‘चांगले’ असा दिलेला असतो. चर्चेअंती तीन ठरले : मान्य असल्याचे, गोष्ट पुढे सांगा असे सुचवणारे आणि आता पुरे असे सुचवणारे. तिसरे ओळखता आले नाही, तर पुण्यात माणूस फार काळ टिकत नाही, असे त्या हसत म्हणाल्या.

उच्चारांकडेही बारकाईने पाहिले गेले. ‘जरा थांब’ मधला ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाचा संस्कृत ‘जरा’ हे लिहायला एक, पण पहिल्यातला ‘ज’ दातांजवळचा आणि दुसऱ्यातला तालव्य. आपल्या लिपीत हा फरक दिसत नाही, त्यामुळे ज्या मुलांच्या घरी मराठी बोलली जात नाही त्यांना तो केवळ कानानेच मिळवावा लागतो. ‘काल’ आणि ‘काळ’, ‘वेल’ आणि ‘वेळ’, ‘मूल’ आणि ‘मूळ’ या जोड्या आरशात जीभ पाहून म्हणवून घेतल्या गेल्या. माझ्या वर्गातील खराडी-वाघोलीकडची निम्मी मुले ‘ळ’च्या जागी ‘ल’ म्हणतात आणि आजवर मी त्यांना फक्त ‘जीभ वळव’ असे सांगत आले होते, कुठून कुठे वळवायची ते न सांगता.

वाचनाच्या भागात संस्कृतच्या बाईंनी ‘पाणिनीय शिक्षा’ या उच्चारशास्त्रावरील संस्कृत ग्रंथातील सहा अधम वाचकांची आठवण करून दिली : गात वाचणारा, घाईने वाचणारा, मान हलवत वाचणारा, लिहिलेले पाहूनच वाचू शकणारा, अर्थ न कळता वाचणारा आणि ज्याचा आवाज पोचत नाही तो. आम्ही एकमेकांचे वाचन ऐकून प्रत्येकाला त्यांतले पद बहाल केले. मी निःसंशय ‘शीघ्री’ निघाले. कविता शिकवणारे बहुतेक जण ‘गीती’ होते, आणि वर्तमानपत्रातील अग्रलेखसुद्धा ते चालीवर वाचत आहेत हे त्यांना ध्वनिमुद्रण ऐकवेपर्यंत पटत नव्हते. त्याच ग्रंथातील वाघिणीची उपमाही त्यांनी सांगितली : वाघीण जशी पिल्लांना दातांत धरून नेते, त्यांना दात लागू देत नाही आणि पडूही देत नाही, तसे वर्ण उच्चारावेत. अग्रलेखाच्या छापील प्रतीवर श्वासाच्या जागी पेन्सिलीने एक किंवा दोन रेघा मारून मग वाचायचे, हा व्यायाम मी आठवीच्या वर्गात जसाच्या तसा नेला. रेघ कोठे मारायची यावर मुलांचे जे वाद होतात, त्यात वाक्यपृथक्करण आपोआप होऊन जाते.

तिसऱ्या रविवारपासून नाट्याचा भाग सुरू झाला आणि मार्गदर्शकही बदलले. दोघेही तरुण, उत्साही आणि एकांकिकांच्या वर्तुळातून आलेले होते. पुण्यात हे वर्तुळ मोठे आहे. १९६३ मध्ये सुरू झालेल्या पुरुषोत्तम करंडकाने महाविद्यालयीन मुलांच्या कित्येक पिढ्या भरत नाट्य मंदिराच्या रंगमंचावर उभ्या केल्या आहेत, आणि त्या स्पर्धेचे संस्कार ज्यांच्यावर झाले त्यांना ऊर्जा, वेग, समूहाची शिस्त या गोष्टी उत्तम कळतात. पण त्यांच्या मनात नाटक म्हणजे शेवटी कोणीतरी पाहणार असलेली गोष्ट असते. भाषेच्या तासात पाहणारा कोणी नसतो. सगळेच बोलणारे असतात. पुढील चार रविवारांचे गुण आणि दोष या एका फरकातून आले.

फळ्यावर तीन नावे लिहिली गेली : नाट्यखेळ घडवणाऱ्या अमेरिकेच्या व्हायोला स्पोलिन, वर्गात नाट्य वापरणाऱ्या ब्रिटिश शिक्षिका डोरोथी हीथकोट आणि ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्टो बोआल. त्यांचे खेळ आणि तंत्रे आम्ही करूनही पाहिली, परंतु ती भाषाशिक्षकाला का महत्त्वाची, याचा उलगडा झाला नाही. वास्तविक तो अवघड नव्हता. स्पोलिनबाईंनी आपले खेळ शिकागोतील स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांमध्ये काम करताना घडवले. बोआल १९७३ मध्ये पेरू देशातील साक्षरता मोहिमेत सहभागी झाले, तेव्हा समोरच्या लोकांच्या मातृभाषा अनेक होत्या आणि बोआल यांची स्वतःची भाषा तर वेगळीच होती. म्हणून त्यांनी लोकांना मनातली गोष्ट शरीराची शिल्पे करून दाखवायला सांगितली. म्हणजे जेथे भाषा तोकडी पडत होती तेथे ही तंत्रे उपयोगी पडली. भाषेच्या वर्गाने ती उचलल्यावर पुढची पायरी उघड आहे : शिल्प उभे झाले की त्यातल्या प्रत्येकाला एकेक वाक्य द्यावे लागते, नाहीतर मुले सुंदर पुतळे करतात आणि मुकाट्याने घरी जातात. आमच्या वर्गात पुतळे सुंदर झाले.

छापील टिपणांविषयी एक तक्रार केल्यावाचून राहवत नाही. ती उघडच यंत्राने भाषांतरित केलेली होती आणि कोणी वाचून पाहिलेली नव्हती. सुरुवातीच्या खेळांना ‘बर्फ फोडणारे उपक्रम’ आणि अंग मोकळे करण्याच्या व्यायामांना ‘उबदार होणे’ असे नाव होते. भाषाशिक्षकांच्या हाती असा कागद देणे हे हलवायाला साखरेऐवजी मीठ देण्यासारखे आहे. निरर्थक भाषेत बोलण्याच्या खेळाचे वर्णन त्यात दोन पाने होते, पण मराठी मुले पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलेल्या ‘च’च्या भाषेचा उल्लेखही नव्हता. ‘मला’चे ‘चलाम’ करायला शब्दाचे पहिले अक्षर सुटे करून मागे न्यावे लागते, तेही बोलण्याच्या वेगात. वर्णज्ञान पक्के करायला याहून चांगला खेळ मला तरी माहीत नाही. मी तो सुचवला तेव्हा मार्गदर्शकांनी तो मोकळेपणाने घेतला आणि पुढची वीस मिनिटे सभागृहात प्रचंड गोंधळ झाला, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

चौथ्या रविवारी मराठी शिकत असलेले आठ प्रौढ विद्यार्थी बोलावले होते. हिंजवडी आणि मगरपट्ट्यात नोकरी करणारे हे लोक उत्तर आणि दक्षिण भारतातून आलेले होते. त्यांच्याबरोबर रिक्षाचा प्रसंग केला गेला. मार्गदर्शक स्वतः रिक्षावाला झाले आणि विद्यार्थ्याला स्वारगेटहून कोथरूडला जायचे होते. येथपर्यंत हा प्रसंग कोणत्याही पुस्तकात सापडेल. त्यांनी केलेली भर अशी की रिक्षावाल्याला कानात एक गुपित दिले जाई : त्याला घरी जेवायला जायचे आहे, किंवा त्याचा मीटर बिघडला आहे, किंवा कोथरूडला तो अजिबात जाणार नाही पण डेक्कनपर्यंत सोडेल. त्यामुळे पाठ केलेली वाक्ये पहिल्याच उत्तराला कोसळत आणि विद्यार्थ्याला समोरच्याचे ऐकून पुढचे वाक्य तयार करावे लागे. दिल्लीकडच्या एका तरुणीने तीन वेळा नकार ऐकल्यावर “अहो काका, पाऊस बघा ना” असे म्हटले. त्यातला ‘ना’ तिला कोणी शिकवला नव्हता. गरजेपोटी तो तिच्या तोंडी आला आणि अगदी योग्य स्वरात आला. एकच वाक्य दहा वेळा म्हणायला लावले, तर विद्यार्थी कंटाळतो. दहा वेळा नकार दिला, तर तो तेच वाक्य दहा निरनिराळ्या प्रकारे म्हणतो. नाट्यतंत्राचे भाषेच्या तासातले मोल मला या एका प्रसंगात कळले.

आणि त्याची उणीवही त्याच प्रसंगात दिसली. त्याच तरुणीने “तुम्ही जास्त पैसे सांगितला” आणि “मला कोथरूडला जायची आहे” अशी वाक्ये केली. खेळ चालू असताना तिला अडवले नाही हे योग्यच झाले, कारण मध्येच व्याकरण काढले की पाऊसही थांबतो आणि रिक्षाही. पण खेळ संपल्यावर टाळ्या झाल्या, ‘कसं वाटलं’ असे विचारले गेले, सगळ्यांना छान वाटले आणि पुढचा गट उभा राहिला. ‘सांगितला’चे ‘सांगितले’ कोणी केले नाही. मी आणि शेजारच्या दोघींनी चुका वहीत टिपून ठेवल्या होत्या, चहाच्या वेळी आम्ही त्या तिला हळूच दाखवल्या, तेव्हा ती म्हणाली, “हे आधी का नाही सांगितलं? मी रोज ऑफिसमध्ये असंच बोलते.” मार्गदर्शकांना विचारले असता, आत्मविश्वास महत्त्वाचा, चुका आपोआप सुधारतात, असे उत्तर मिळाले. माझ्या अनुभवात त्या सुधारत नाहीत. आत्मविश्वासाने बोललेली चूक उलट घट्ट बसते. पंधरा मिनिटांच्या खेळानंतर पाच मिनिटे फळ्यावर चार वाक्ये घेतली असती आणि मग तोच प्रसंग पुन्हा केला असता, तर हा वर्ग आदर्श ठरला असता. भाषा शिकवण्याचा अनुभव असलेला एकही मार्गदर्शक या भागात नव्हता, हे संस्थेच्या नियोजनातले मोठे वैगुण्य आहे.

पाचव्या रविवारी हीथकोटबाईंचे, शिक्षकाने स्वतः भूमिकेत शिरण्याचे तंत्र दाखवले गेले आणि ते मी दुसऱ्याच आठवड्यात सातवीच्या वर्गात करून पाहिले. विषय पत्रलेखनाचा होता. माझ्या वर्गात बेचाळीस मुले आहेत, बाके जमिनीला ठोकलेली आहेत आणि तास पस्तीस मिनिटांचा आहे. कार्यशाळेत या तिन्ही गोष्टींचा विचार झाला नव्हता, म्हणून मी कोणालाही जागेवरून उठवले नाही. टेबलावर एक रजिस्टर आणि रबरी शिक्का ठेवला, चष्मा नाकावर खाली घेतला आणि महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागातील कारकून होऊन बसले. मुले म्हणजे सोसायटीचे रहिवासी. पहिला मुलगा म्हणाला, “मॅम, आमच्याकडे पाणी येत नाही.” मी मान वर न करता म्हणाले, “मॅम कोण? आणि तोंडी तक्रार घेत नाही. अर्ज आणा.” दोघा-तिघांनी घाईघाईने ओळ खरडून आणली. “विषय लिहिलेला नाही. परत न्या.” पुढच्याने विषय लिहिला, पण तारीख विसरला, कोणत्या दिवसापासून पाणी नाही ते कळत नाही म्हणून तोही परत गेला. तिसऱ्याच्या अर्जावर सहीखाली पत्ता नव्हता. दहा मिनिटांत वर्ग चिडला होता. मायना, विषय, दिनांक, पत्ता या गोष्टी मी आजवर गुण कापले जातील म्हणून पाठ करून घेत होते. त्या दिवशी त्यांच्यावाचून काम अडते आहे हे मुलांना दिसले. वाघोलीच्या एका मुलाने टँकरचे पाणी किती दिवस पुरते आणि त्याचे पैसे कोण भरते याचे जे वर्णन केले त्यासाठी त्याला ‘विस्कळीत’ हा शब्द हवा होता. तो त्याने हात वर करून मागितला आणि मी कारकुनाच्याच तोंडून दिला.

गडबड ऐकून पर्यवेक्षिका दाराशी येऊन उभ्या राहिल्या. भूमिका न सोडता मी त्यांना “खिडकी क्रमांक दोनवर जा” असे म्हणाले, आणि त्याचे स्पष्टीकरण नंतर मला कार्यालयात जाऊन द्यावे लागले. शाळेत हे प्रयोग करायचे, तर वरिष्ठांना आधी कल्पना द्यावी, ही सूचना टिपणांत असायला हवी होती.

सहावा रविवार आणि पाचव्याचा उत्तरार्ध मात्र वाया गेला असे मी म्हणेन. समारोपाला सादरीकरण ठेवले होते, त्यासाठी गट पाडले गेले, संहिता लिहिल्या गेल्या, काळे कपडे घालून येण्याचा निरोप आला आणि आम्ही बावीस शिक्षक साडेपाच तास प्रवेश-निर्गमनाच्या तालमी करीत बसलो. कार्यक्रम रंगला, नातेवाईक आले, छायाचित्रे निघाली. त्याऐवजी प्रत्येकाने स्वतःच्या पाठ्यपुस्तकातील एक धडा घेऊन त्यावर पंधरा मिनिटांचा पाठ बसवला असता आणि आवाजाच्या ताई व नाट्याचे मार्गदर्शक यांनी मिळून तो तपासला असता, तर शुल्काचा पुरेपूर मोबदला मिळाला असता. त्या ताई तर दुसऱ्या रविवारनंतर परत आल्याच नाहीत, त्यामुळे तालमींमध्ये आम्ही पुन्हा घसा आवळून ओरडत होतो आणि ते कोणाच्या लक्षात आले नाही.

२०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. त्यामुळे मराठी ज्यांच्या घरची भाषा नाही अशी मुले आता प्रत्येक वर्गात आहेत आणि त्यांना शिकवण्याची तयारी आमच्यापैकी बहुतेकांची नाही. अशा शिक्षकाने ही कार्यशाळा करावी का, असे कोणी विचारले तर पहिल्या दोन रविवारांसाठी अवश्य करावी, चौथ्या-पाचव्यासाठी वही आणि स्वतःची शंका जवळ ठेवून करावी, असे मी सांगेन. वर्षानुवर्षे शिकवून घसा खराब झालेल्यांनी तर आवाजाचा भाग चुकवू नये. केवळ त्या दोन दिवसांचे वेगळे शुल्क ठेवण्याची विनंती मी आयोजकांना केली आहे आणि ती विचाराधीन असल्याचे उत्तर आले आहे. ज्यांना स्नेहसंमेलनाचे नाटक बसवायला शिकायचे आहे त्यांना शेवटचा रविवारही आवडेल. पुढील तुकडी जानेवारीत सुरू होणार आहे. जाताना सतरंजी, पाण्याची बाटली आणि जाड शब्दकोश स्वतःचा न्यावा, कारण तेथील सतरंज्या बावीस जणांना पुरत नाहीत. आणि दुचाकी लावायला इमारतीत जागा नसल्याने पंधरा मिनिटे आधी पोचावे.